नंदीची मान

"कलावती?"

नंदीवाल्याची बाकदार काठी ढोलाच्या कातड्यावर घासत होती. गुबुगुबु, गुबुगुबु. नंदी पाठीवर झूल घेऊन उभा होता. त्याची मान हलली नाही.

"शालन?"

गुबुगुबु चालूच. मागे कोणाचं तरी पोर भोकाड पसरून रडत होतं, पाराच्या कडेला दोन म्हातारे तंबाखूवरून भांडत होते. नंदीने कानाने माशी उडवली, बस.

देवळाच्या पायरीवर उभ्या राहून हौसाक्का नावं घेत होत्या. चिंचणवाडीत जानाईच्या देवळाची झाडलोट बायका पाळीने करायच्या, एका दिवशी एकीने. कोणाची पाळी कधी, हे हौसाक्का ठरवायच्या. भजनी मंडळही त्यांचं, देवीचा मुखवटाही त्यांच्याच हाताने पुसला जायचा. मागच्या मंगळवारी त्या मुखवट्यावर चांदीचे डोळे होते. या मंगळवारी पाहिलं तर डोळ्यांच्या जागी मेणाच्या दोन खोबणी. मधल्या आठवड्यात किल्ली सात जणींच्या हातून फिरली होती. त्यातच गुरुवारी दरवर्षीचा नंदीवाला गावात आला. पाऊस कधी, सोयरीक जुळेल का, म्हैस कुठे गेली, हे गाव त्याच्याच नंदीला विचारायचं. मग हेही विचारायचं ठरलं.

"रखमा? मालन? इंदू?"

नंदी ढिम्म.

"सुलभा?"

रडणारं पोर गप्प झालं. आपोआप झालं की आईने त्याचं तोंड दाबलं, कोण जाणे. तंबाखूचं भांडण मिटलं. बायकांच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. आणि त्या शांततेत नंदीने मान हलवली. एकदा, मग पुन्हा, चांगली गुडघ्यापर्यंत.

"आई जानाई!" कोणीतरी ओरडलं आणि सगळी गर्दी एकदम बोलू लागली.

सुलभा म्हणजे माझी मामी.

मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झाले होते. मानसशास्त्राच्या एम.ए.ची प्रवेश परीक्षा द्यायची होती. मामाच्या गावी शांत वाचन होईल, असं आईचं मत. पिशवीत संशोधन पद्धतींचं एक जाडजूड पुस्तक होतं, आणि त्यातलं एक वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं होतं: ज्याला उत्तर माहीत आहे, त्याने प्रश्न विचारू नये. का, ते मला तोवर नीट कळलं नव्हतं. गर्दीतून मामीचा हात धरून बाहेर पडताना मी आठवायचा प्रयत्न करत होते, की मान हलायच्या आधी नक्की काय काय घडलं. आणखी एक गोष्ट लक्षात आली. पाळ्या सात होत्या, नावं सहाच घेतली गेली. सातवी पाळी हौसाक्कांची स्वतःची होती.

घरी मामा सोप्यात येरझाऱ्या घालत होता.

"चार दिवस माहेरी जा म्हनतोय, त्यात काय बिघडलं?"

"माहेरी कोन हाय माझं?" मामी चुलीपुढे बसून बोलली. "आईबाप गेले. भावजय दारात तरी उभी करंल का? आन गेले की लोक म्हनतील, बघा, पळाली. परत कोन येऊ देईल?"

"इथं ऱ्हाऊन तरी काय? परवा सभा बसंल. अंगणवाडीतनं काढतीलच. आजच तिघींनी पोरं न्हेली घरला. तुझ्या हातची खिचडी नको म्हनल्या."

मामी अंगणवाडीत मदतनीस होती. गावातली निम्मी पोरं तिच्या कडेवर मोठी झालेली.  मामाने तिच्या पायांकडे बोट दाखवलं.

"आन ही चांदीची जोडवी? ह्याच आठवड्यात कुठनं आली, समदं गाव इचारतंय."

"मानधनातनं घेतली म्हनलं की."

"मला सांगितलं हुतंस?"

मामीने पाय लुगड्याखाली ओढून घेतले. मामा माझ्याकडे वळला. "हर्षला, तू शिकलेली. तू तरी इचार हिला. तुला खरं सांगंल."

मामीने मान वर केली. तिला वाटत होतं, मी विचारीन. मी विचारलं नाही.

"मामा, सभा कधी आहे?"

"शनवारी, दुपारच्याला."

"मग शनिवारपर्यंत तिला कुठेही पाठवू नकोस."

"आन तोवर काय करनार हाईस?"

"नंदीला पुन्हा विचारणार आहे."

मामा हसला. रडू येऊ नये म्हणून पुरुष हसतात तसा.

शुक्रवारी सकाळी मी गावाबाहेरच्या पटांगणात गेले. गंगाराम नंदीवाला पालापुढे बसून नंदीच्या शिंगांना तेल चोळत होता. निघायच्या तयारीतच होता.

"राम राम ताई. मला काय बी इचारू नका. मी त्या बाईला वळखत बी न्हाई."

"तिच्याबद्दल नाही विचारत. नंदी मान कधी हलवतो?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. मग आवाज खाली आणला. "ढोल थांबला की मान. माझ्या बापानं शिकवलं, मी ह्याला शिकवलं. पावसाचं इचारलं की मी काठी थांबवतो. लोकांस्नी पाऊस हवा असतुया. त्यात पाप काय?"

"काही नाही. मग काल काठी का थांबवलीत?"

तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. परक्याचा हात असावा तसा.

"मी न्हाई थांबवली, ताई. लेकीबाळी मला बी हाईत. कुनाच्या घरात इस्तू टाकायला मी येत न्हाई. पर हात आपसूक थांबला. देवीनंच थांबवला आसंल."

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणाऱ्याला आधी माझी भीती वाटली असती. याला स्वतःच्या हाताची वाटत होती.

"देवीने थांबवला," मी म्हटलं, "किंवा आणखी कोणी. यातलं कुठलं, ते बघायला हवं. उद्या दुपारपर्यंत थांबाल?"

"माझ्या पोटावर पाय नका देऊ, ताई. गावानं फसव्या म्हनलं तर कुठल्याच गावात कोन सूपभर जोंधळं घालनार न्हाई."

"मी तुम्हाला तपासणार नाही. नंदीलाही नाही."

"मग कुनाला?"

"आत्ता सांगितलं तर सगळं वाया जाईल. उद्या तुम्ही फक्त वाजवा. मुद्दाम थांबू नका, मुद्दाम चालूही ठेवू नका."

त्याने नंदीच्या मानेवर थोपटलं. "थांबतो. मला बी कळू दे, हात कुनाचा हुता."

हौसाक्का ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आली का पुस्तकवाली? मामीची वकिली करायला?"

"नाही आक्का. काल नंदीने सांगितलं ते देवीने सांगितलं असेल, तर पुन्हा विचारायला हरकत आहे का?"

"हरकत कसली? देवी काय दोनदा बोलायला भिती?" त्यांनी वात मांडीवर ठेवली. "त्या पोरीचं वाईट व्हावं म्हनून मी इचारलं न्हाई, हर्षला. माझ्या हातातल्या मुखवट्याला डोळं न्हाईत. मला रातभर झोप न्हाई."

त्यांच्या आवाजात खरी व्यथा होती. मला तोवर त्यांचा राग येत होता, तो थोडा उतरला.

"मग माझ्या तीन अटी आहेत. नावं घ्यायची नाहीत. सात रंगांच्या सात बांगड्या पिशवीत टाकायच्या, प्रत्येकीने न बघता एक काढायची आणि पदराखाली मुठीत धरायची. कोणाकडे कुठला रंग, हे दुसरीला कळता कामा नये. मग नंदीला रंग विचारायचे. देवीला चोर ठाऊक असेल, तर चोराच्या मुठीतला रंगही ठाऊक असणार."

"देवीला सगळं ठावं असतंय. पुढं?"

"रंग पवार गुरुजींनी पुकारायचे. ते बदलून येऊन महिना झालाय, त्यांना यातल्या कोणाचं बरंवाईट माहीत नाही."

"बरं. तिसरी?"

"बायका सात हव्यात."

"सात कुठनं? सहाच तर..." त्या थांबल्या. वातीचा कापूस बोटांत तसाच राहिला.

"पाळ्या सात होत्या, आक्का."

त्यांनी कापूस टोपलीत टाकला. "आसू दे सात. मी काय कुनाला भिते?"

शनिवारी सकाळीच देवळापुढे अख्खं गाव लोटलं. सरपंचही आले. म्हणाले, सभा दुपारी आहेच, आधी हा तमाशा बघून घेऊ. सात जणी मंडपात एका ओळीत बसल्या. पिशवी फिरली. मामीने हात घालताना डोळे मिटून घेतले होते. गर्दीला मंडपाबाहेर, पायऱ्यांखाली उभं केलं.

मी स्वतः गाभाऱ्यात गेले आणि सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिले. मला कोणाच्याही मुठीतला रंग माहीत नव्हता. तरी माझा चेहरा काहीतरी बोलून गेला असता, आणि मला ते नको होतं. समोर डोळे नसलेली जानाई होती. तिच्या खोबणीत मेण साचलं होतं.

"लाल?" गुरुजींचा आवाज आला.

गुबुगुबु, गुबुगुबु.

"निळी? पांढरी? पिवळी?"

सातही रंग झाले. ढोल एकदाही थांबला नाही. गर्दीत खोकले, कुजबुज, मुलांची ओढाताण चालूच होती. मी वळून पाहिलं. नंदी शेपूट हलवत उभा होता.

"नंदी रुसला," हौसाक्का मंडपातून म्हणाल्या. "बांगड्यांचा खेळ मांडलाय म्हनल्यावर देव कशाला बोलंल?"

गर्दीला ते पटलं. मलाही हे येणार हे ठाऊक होतं. मान हलली नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. देव रुसला, असं कोणीही म्हणू शकतं. मला मान हललेली हवी होती.

"पुन्हा एकदा विचारू," मी म्हटलं. "आधी जरा चहा होऊ दे. मुठी कोणी उघडायच्या नाहीत, जागा सोडायची नाही."

चहा आला. मी पायऱ्या उतरून वत्सलाकाकूंच्या शेजारी जाऊन बसले. त्यांचं किराणा दुकान. त्यांच्या कानात पडलेली गोष्ट तेलाची बाटली भरेपर्यंत वेशीवर पोचते, असं मामाच म्हणायचा.

"काय गं, मामीचं काही खरं न्हाई म्हनं?" त्यांनीच सुरुवात केली.

"काकू, एक सांगू? कोणाला सांगू नका." मी त्यांच्या पदराआड होत आवाज बारीक केला. "मामीच्या मुठीतून मला हिरवं दिसलं."

"अगं बया!" काकूंनी तोंडावर हात ठेवला. "न्हाई गं, मी कशाला कुनाला सांगते?"

माझा चहा संपायच्या आत दोन पोरं "हिरवी, हिरवी" म्हणत पळाली.

मी पुन्हा गाभाऱ्यात गेले. मी काकूंना सांगितलं ते धादांत खोटं होतं. हिरवी कोणाकडे आहे, मला ठाऊक नव्हतं. सातांत एक शक्यता होती, की ती खरंच मामीकडे असेल. तसं झालं, तर मी माझ्याच हाताने तिला खड्ड्यात लोटलं असतं. पण कोणाकडे काय आहे हे बघून खोटं पेरलं असतं, तर ती चाचणी राहिलीच नसती. मी मुखवट्याच्या खोबणींकडे बघत राहिले.

"निळी?" गुबुगुबु.

"केशरी?" गुबुगुबु.

"हिरवी?"

प्रथम मुलांचा आवाज गेला. मग बायकांचा. कोणीतरी कपबशी खाली ठेवता ठेवता तशीच धरली असावी, कारण अर्धाच किणकिणाट झाला. मग माझ्या पाठीमागे, पाण्याची धार आटावी तसा, ढोल हळूहळू थांबला.

मी वळले. नंदी मान हलवत होता. एकदा, दोनदा, गुडघ्यापर्यंत.

"बघा! बघा!" पायऱ्यांखाली एकच कल्लोळ उठला. "हिरवी! सुलभाच!" सरपंच उभे राहिले. मामाने डोकं धरलं.

"गुरुजी," मी म्हटलं, "मुठी उघडायला सांगा. मामीपासून."

मामीने पदराखालून हात बाहेर काढला.  तळहातावर पिवळी बांगडी होती.

ओरडा मध्येच तुटला.

कलावतीची लाल. शालनची निळी. रखमाची, मालनची, इंदूची. एकीकडेही हिरवी नव्हती. एकच मूठ मिटलेली राहिली.

"आक्का," गुरुजी हलकेच म्हणाले, "मूठ."

हौसाक्कांनी मूठ उघडली. हिरवा काचेचा गोल उन्हात चमकला.

मागून एका पोराचा आवाज आला, "म्हंजी... आक्कांनीच?"

"ए, तोंड सांभाळ!" हौसाक्कांचा थोरला मुलगा गर्दीत घुसला. पण तो प्रश्न एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर जाताना मला दिसत होता. काल त्यांच्या पाया पडलेल्या बायका आता त्यांच्या हाताकडे बघत होत्या. हौसाक्कांनी एकदा मामीकडे पाहिलं. परवा मामी जशी उभी होती, तशाच त्या आता बसल्या होत्या. काही म्हटलं तरी कोण ऐकणार.

"थांबा!" मी ओरडले. "आक्का चोर नाहीत."

"नंदी म्हनतोय की!"

"नंदी तुमचं म्हणतोय. हिरवी मामीकडे आहे, असं वत्सलाकाकूंना मीच सांगितलं होतं. ते खोटं होतं."

"मी कुनाला सांगितलं न्हाई हं!" काकू कळवळून म्हणाल्या, आणि त्या तंग गर्दीतही हशा पिकला.

"पहिल्या खेपेला तुम्हाला कुठलाच रंग कोणाचा ते माहीत नव्हतं, म्हणून ढोल थांबला नाही. या खेपेला तुम्हाला वाटत होतं, हिरवी सुलभाची. हिरवी म्हटल्यावर तुम्ही सगळे गप्प झालात. तुम्ही गप्प झालात तसा गंगारामदादांचा हात थांबला. हात थांबला की मान हलते. परवा सुलभा हे नाव घेतल्यावर असंच झालं. आठवून बघा, तुम्ही आधी गप्प झालात का नाही?"

गंगाराम स्वतःच्या हाताकडे बघत होता. "व्हय," तो पुटपुटला. "मानसं थांबली की हात थांबतोय. मला कंदी उमगलंच न्हाई."

सरपंच पुढे आले. "ते ऱ्हाऊ दे, पोरी. मग डोळे घेतले कुनी?"

"मला माहीत नाही."

"निदान तुझ्या मामीनं न्हाई घेतले, एवढं तरी सांग की. मग सभा बी नको."

सगळे माझ्याकडे बघत होते. मामा तर आशेने. आणि मामी. एक शब्द बोलले असते तर तिथेच सगळं मिटलं असतं.

"तेही मला माहीत नाही," मी म्हटलं. "मला एवढंच कळलं, की नंदीला माहीत नाही. आणि नंदीला माहीत नसेल, तर मामीवर बोट ठेवायला तुमच्याकडे काय आहे?"

मामाने मान फिरवली. मामीने माझ्याकडे पाहिलं, ती नजर मला त्या वेळी वाचता आली नाही.

हौसाक्का मंडपातून उठल्या. कमरेची किल्ली सोडून हातात घेतली आणि मामीपुढे उभ्या राहिल्या.

"परवा माझं नाव मी घेतलं न्हाई," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "घ्याया पायजे हुतं. सुलभे, उद्याची पाळी तुझी हाय. किल्ली घे."

मामीने किल्ली घेतली. सरपंचांनी घसा खाकरला आणि सभेत हा विषय नको म्हणाले. निघताना हौसाक्कांनी गंगारामच्या झोळीत दरवर्षीसारखं सूपभर जोंधळं ओतलं. "पावसाचं सांगत जा बाबा. मानसांचं नको." सोमवारी तिन्ही पोरं अंगणवाडीत परत आली आणि खिचडीवरून भांडली.

देवीला पुढच्या जत्रेला नवे डोळे बसवले. जुने कधीच सापडले नाहीत.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी एम.ए. केलं, पुढे संशोधनातच राहिले. गेल्या दिवाळीत चिंचणवाडीला गेले, तेव्हा मामी चुलीपुढे भाकरी करत होती. केस पिकलेत, पण परातीवरचा हात तोच. बोलता बोलता नंदीचा विषय निघाला आणि दोघी वत्सलाकाकूंवर पोटभर हसलो. मग मामी एकदम थांबली.

"एक सांगू? त्या येळी अख्ख्या गावानं मला इचारलं. ह्यांनी सुदिक इचारलं. तू तेवढी एकटी इचारली न्हाईस. लई बरं वाटलं हुतं. वाटलं, हिला माझी खात्री हाय. मग तू सगळ्यांम्होरं म्हनलीस, मला म्हाईत न्हाई." तिने पिठाचा गोळा हातात घेतला. "लई दिवस त्ये सललं."

मला खोटं बोलता आलं असतं. तिनेही ते आनंदाने ऐकलं असतं.

"खात्री नव्हती, मामी. म्हणूनच विचारलं नाही. खात्री करून घेतली असती, हो अशी किंवा नाही अशी, तर माझी पण मान हलली असती. गावाने ती बघितली असती."

 गोळा थापता थापता तिची भाकरी मोठी होत गेली. पायात तीच जोडवी होती, झिजून पातळ झालेली.

"मग आता इचार," ती म्हणाली. "आता तर कुनी बघत न्हाई."

मी विचारलं.

"न्हाई," मामी म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.